तीस्ता नदी

तीस्ता ही सिक्कीमची मुख्य नदी, लांबी साधारण ४१४ किमी. उगम उत्तर सिक्कीममध्ये, पाच हजार मीटरच्याही वर, हिमनद्या आणि त्सो ल्हामो तलावाच्या भागात. लाचेन आणि लाचुंगकडून येणारे दोन प्रवाह चुंगथांगला एकत्र होतात, मग सिंगतम, रंगपो करत ही पश्चिम बंगालमधल्या सेवक गावाजवळ मैदानात उतरते तेव्हा उंची उरते जेमतेम दीडेकशे मीटर, म्हणजे एवढा उतार आणि वर पूर्व हिमालयातला पाऊस, दरडी तर कोसळतच असतात, मग नदी शांत कशी राहील!

तीस्ता बाजारजवळ रंगीत नदी हिला मिळते. वरच्या रस्त्यावरून बघितलं तर रंगीतचं हिरवट पाणी आणि तीस्ताचं राखाडी गढूळ पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतं, लगेच मिसळत नाही. लेपचा लोकांच्या कथेत ही दोघं प्रेमी आहेत, तीस्ताला वाट दाखवायला साप होता आणि रंगीतला पक्षी, पक्षी भरकटला म्हणून रंगीत उशिरा पोचला आणि मग जो रुसला त्यात पूरच आला.

आज तीस्ता बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला मिळते, पण हे कायमचं नाही बरं का. पूर्वी ती करतोया, आत्राई, पुनर्भवा अशा फाट्यांनी दक्षिणेला गंगेकडे जायची, १७८७ च्या महापुरानंतर तिने सरळ पूर्वेची वाट धरली. १९५० च्या पुरानंतर खोऱ्यातली छोटी रेल्वे कायमची बंद पडली, आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये तीस्ता बाजारचा अँडरसन पूल वाहून गेला.

अलीकडचा मोठा तडाखा ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीचा. दक्षिण ल्होनाक हे उत्तर सिक्कीममध्ये हिमनदीच्या तोंडाशी वाढत चाललेलं सरोवर, धोका माहीत होता, २०१६ मध्ये पाइप टाकून पाणी काढायचा प्रयत्नही झाला होता, पण तेवढ्याने काय होणार. काठाचा मोठा भाग सरोवरात कोसळला, पाणी उसळून बाहेर पडलं आणि चुंगथांगचं तीस्ता-३ धरण (१२०० मेगावॅट, सिक्कीममधला सगळ्यात मोठा प्रकल्प) फुटून गेलं. गाळाने पात्र इतकं वर आलंय की आता साध्या पावसातही तीस्ता बाजारच्या घरांत आणि महामार्गावर पाणी येतं.

खाली पश्चिम बंगालमधल्या गजलडोबा बॅरेजवरून (नदीचं पाणी अडवून कालव्यात वळवणारा बंधारा) भारत-बांगलादेश पाणीवाटपाचं भांडण आहे ते वेगळंच, २०११ चा करार पश्चिम बंगालच्या विरोधामुळे सहीविनाच राहिला.