निकट कँडिड छायाचित्रण

सार्वजनिक जागी, ओळख नसलेल्या माणसाचे, त्याला उभे न करता, साधारणपणे दोन मीटरच्या आतून विशालकोनी भिंगाने छायाचित्र घेण्याची पद्धत. रस्त्यावरील छायाचित्रणाची ही एक शाखा समजली जाते. लग्नसमारंभातील कँडिड चित्रण ठरवून केले जाते आणि बहुधा लांबून. त्याचा विचार येथे केलेला नाही.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही इतिहासकार तो १८९०च्या दशकापर्यंत मागे नेतात. त्या सुमारास लंडनमध्ये पॉल मार्टिन काखेत पार्सलासारखा दिसणारा कॅमेरा धरून रस्त्यावरची माणसे टिपत होते. ऑस्लोत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात, पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपास आलेले कार्ल स्टोर्मर बंडीआड कॅमेरा दडवून, गुंडीच्या काजातून भिंग बाहेर काढून ओळखीपाळखीच्यांची चित्रे घेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९३८–४१ दरम्यान वॉकर एव्हन्स यांनी कोटाआडून केलेले चित्रणही याच रांगेत बसवतात. दुसरा पक्ष १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याला जनकत्व देतो. त्यातही अडचण आहेच. लायकाचे मूळ भिंग ५० मिमी केंद्रांतराचे होते, म्हणजे विशालकोनी नव्हते (केंद्रांतर जितके कमी, तितका भिंगाचा कोन रुंद), आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखे अग्रणी मुख्यतः त्याच भिंगावर राहिले. त्या कॅमेऱ्यासाठी ३५ मिमीचे भिंग १९३०च्या सुमारास आले, २८ मिमीचे १९३५च्या सुमारास. पण हे दुसरे इतके मंद, म्हणजे कमी प्रकाश आत घेणारे होते की उन्हाबाहेर त्याचा फारसा उपयोग नव्हता. लपवलेल्या कॅमेऱ्याची परंपरा वेगळी धरणेच अधिक सयुक्तिक वाटते. तेथे अंतर कमी असले, तरी समोरच्याला छायाचित्रकार दिसत नाही. प्रस्तुत पद्धतीत तो दिसतो, आणि चित्रातला ताण बहुतेक त्यातूनच येतो. या कसोटीने विल्यम क्लाइन यांनी १९५४–५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेले काम आरंभीचे ठरते. गॅरी विनोग्रँड (१९२८–८४) यांनी पुढे २८ मिमीचे भिंग रस्त्यावर रुळवले. ब्रूस गिल्डन यांनी त्याला फ्लॅशची जोड दिली; ती सर्वांना मान्य नाही.

इतक्या जवळून फोकस लावत बसण्यास वेळ मिळत नाही, म्हणून अंतर आधीच बांधून ठेवतात. पूर्ण चौकटीच्या (२४ × ३६ मिमी) कॅमेऱ्यावर २८ मिमीचे भिंग एफ-८ छिद्रावर (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) दीड मीटरला लावले, तर साधारण १ ते २.७ मीटरपर्यंतचा पट्टा स्पष्ट येतो. एफ-११ वर तो सुमारे ०.९ ते ४ मीटर होतो. छायाचित्रकाराने फक्त त्या पट्ट्यात पोचायचे. हाताचा अंदाज यासाठी पुरतो आणि सरावलेला माणूस कॅमेरा डोळ्याला न लावताही चौकट ओळखतो.

चेहरा ‘फेंदारलेला’ दिसण्याचे खापर सरसकट भिंगावर फोडले जाते. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली अंतराची. नाकाच्या शेंड्यापासून कान सुमारे १२ सेंमी मागे धरले, तर अर्ध्या मीटरवरून नाक कानाच्या मानाने जवळजवळ २४ टक्के मोठे उमटते, दीड मीटरवरून अवघे ८ टक्के. याच्याशी भिंगाचा संबंध नाही. दुसरी प्रक्षेपणाची. सरळ रेषा सरळ राखणाऱ्या २८ मिमीच्या भिंगात चौकटीच्या टोकाच्या कोपऱ्यातले डोके बाहेरच्या दिशेने सुमारे सव्वापट लांबते, मग माणूस कितीही दूर असो. म्हणूनच जाणते छायाचित्रकार माणूस कोपऱ्यात ढकलत नाहीत. मोबाइलचा मुख्य कॅमेराही २४ ते २८ मिमीच्या तोडीचा असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या पद्धतीला मुख्य वाव यात्रा-बाजारांत आहे. पुसेगाव, खरसुंडी येथील यात्रांतल्या बैलबाजारात जुन्या रीतीचा सौदा रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून होतो. लांबून टेलिफोटोने टिपल्यास रुमाल तेवढा दिसतो. दीड मीटरवरून २८ मिमीने रुमालाखालची हालचाल, दोघांचे मख्ख चेहरे, कान टवकारून उभा असलेला दलाल आणि वर बैलाची शिंगे एकाच चौकटीत येतात. (बैलाच्या मागे इतक्या जवळ जाणे अर्थातच वेगळ्या कारणासाठी वर्ज्य.) पौषातल्या पालीच्या खंडोबा यात्रेत भंडाऱ्याची उधळण होत असल्याने तेथे भिंग बदलणे म्हणजे आत हळद भरणे, शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप संतुलित करण्याची कॅमेऱ्यातली सोय) पिवळ्याला तटस्थ करू पाहतो, तो बंदच ठेवावा लागतो. बावधनच्या बगाड यात्रेला गर्दीचा रेटाच अंतर ठरवतो. तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथील पालखी सोहळ्याच्या उभ्या रिंगणात मात्र आता वारकऱ्यांइतकेच कॅमेरे दिसतात आणि कॅमेऱ्याला सरावलेला चेहरा कँडिड कितपत राहतो, हा प्रश्नच आहे.

सार्वजनिक जागी माणसाचे छायाचित्र घेण्यावर भारतात सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीच्या खाजगी कृतीचे चित्रण दंडनीय आहे. कृष्णेच्या घाटांवर स्नान करणाऱ्यांचे व कपडे बदलणाऱ्यांचे चित्रण त्यामुळे टाळणेच योग्य. हटकल्यास चित्र दाखवणे आणि सांगितल्यास पुसून टाकणे, हा संकेत कायद्याचा नाही. तो बहुतेक छायाचित्रकार पाळतात, काही पाळत नाहीत.