रणगाड्याचा डायोरामा

रणगाड्याची ठरावीक प्रमाणातली प्रतिकृती, तिच्याखालची जमीन, आजूबाजूचे पीक, भिंती आणि माणसे एका छोट्या फळीवर मांडून युद्धातला एखादा क्षण उभा करतात, त्या मांडणीला डायोरामा म्हणतात. प्रतिकृतीवर धूळ, चिखल, ओरखडे, तेलाचे ओघळ, काजळी आणि गंज रंगांनी दाखवण्याच्या कामाला या छंदात ‘वेदरिंग’ हाच शब्द रुळला आहे. रणगाडा सुबक जोडणे हे तुलनेने सोपे काम आहे, कारण आजचे किट (जोडायच्या सुट्या भागांचे संच) फार नेमके असतात. कस लागतो तो वेदरिंगला. तो रणगाडा कुठून आला, किती दिवस चालला आणि आत्ता कोणत्या मातीत उभा आहे, हे त्याच्या अंगावरून वाचता आले पाहिजे. प्रत्येक डागाला कारण असावे, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक चुका टळतात.

पूर्वपीठिका

१८२२ मध्ये लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ नावाचे प्रेक्षागृह उघडले. तिथे प्रचंड आकाराच्या अर्धपारदर्शक चित्रांवर प्रकाश बदलत नेऊन देखावा जिवंत केला जाई. लघुप्रतिकृतींशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. खरा पूर्वज म्हणजे विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा नमुना. त्याने वॉटर्लूच्या लढाईचा हजारो शिसाच्या पुतळ्यांचा भव्य नमुना केला आणि १८३८ मध्ये तो लंडनमध्ये लोकांसमोर मांडला. हा नमुना आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये आहे. सायबोर्नने आधी कित्येक महिने रणभूमीवर मुक्काम ठोकून जमिनीची मोजणी केली, आणि लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोण कुठे उभे होते, हे विचारून घेतले. आधी जमीन आणि मग सैन्य, हा त्याचा क्रम आजही सोडण्यासारखा नाही.

प्लास्टिकच्या रणगाड्यांचे युग जपानमधल्या शिझुओका शहरातून सुरू झाले. तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे किट काढले. त्याचे माप आत मोटार आणि बॅटऱ्या बसाव्यात म्हणून ठरले होते. नंतर हिशोब केला तेव्हा ते मूळच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढे भरले. अशा योगायोगाने आलेले १:३५ हे प्रमाण पुढे जगभरातल्या उत्पादकांनी उचलले. १९६८ पासून तामियाने त्याच प्रमाणात सैनिकांचे संचही आणायला सुरुवात केली आणि रणगाड्याभोवती माणसे उभी करणे सोपे झाले.

१९७० च्या दशकात अमेरिकन मॉडेलर शेपर्ड पेन याने मोनोग्राम कंपनीच्या किटांसाठी केलेले डायोरामा आणि त्यांची कृती सांगणारी पत्रके खोक्यातून घरोघरी गेली. नुसते देखणे मॉडेल पुरेसे नाही, पाहणाऱ्याला त्यात गोष्ट दिसली पाहिजे, हे त्याने एका पिढीला शिकवले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेनने फटींत पातळ गडद रंग सोडायचा आणि कंगोऱ्यांवर कोरड्या ब्रशने फिका रंग घासायचा, ही जोडगोळी लोकप्रिय केली. पुढे मिग हिमेनेझ आणि इतर स्पॅनिश मॉडेलरांनी तैलरंग, रंगीत भुकट्या आणि एकाच पृष्ठभागावर गडद-फिक्या छटा खेळवण्याची पद्धत रूढ केली. या शैलीतली मॉडेले छायाचित्रात अप्रतिम दिसतात. पण तिच्या नादात नाट्यमयता हाच निकष होऊन बसला, आणि दोन आठवडे चाललेला रणगाडाही वीस वर्षे भंगारात पडल्यासारखा रंगवला जाऊ लागला.

प्रमाणाचे गणित

१:३५ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. हे एवढे डोक्यात ठेवले की नजर बदलते. ब्रशच्या टोकाने सहज पडलेला मिलिमीटरभर ओरखडा खऱ्या रणगाड्यावर अंगठ्याहूनही रुंद असतो. तीन मिलिमीटरचे ढेकूळ दहा सेंटिमीटरचे. मध्यम उंचीचा माणूस पाच सेंटिमीटर भरतो, आणि पाहणारा सगळे प्रमाण नकळत त्याच्यावरून मोजतो. म्हणून एखादी तरी मानवाकृती असलेला डायोरामा लवकर पटतो.

वजनाचे गणित त्याहून अवघड. अमेरिकी बनावटीचा पॅटन रणगाडा सुमारे ४५ टनांचा, त्याची प्रतिकृती मात्र फुंकरीने हलेल इतकी हलकी. जमिनीवर नुसती ठेवली तर ती तरंगल्यासारखी दिसते. त्यामुळे प्लास्टर किंवा मॉडेलिंगची माती ओली असतानाच साखळीपट्टे त्यात दाबून ठसे उमटवतात, पट्ट्यांच्या कडेला माती वर सरकलेली दाखवतात. जमीन उंचसखल असेल तर चाकेही त्याप्रमाणे वरखाली बसवावी लागतात, आणि ते जोडणीच्या वेळीच ठरवावे लागते.

थरांचा क्रम

वेदरिंगच्या तंत्रामागे साधे रसायनशास्त्र आहे: वरचा थर खालच्या थराला विरघळवणारा नको. बहुतेकजण प्रायमरनंतर (रंग नीट धरावा म्हणून दिलेल्या पहिल्या थरानंतर) मूळ रंग अॅक्रिलिकचा, एअरब्रशने म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने देतात. त्यावर चकचकीत वॉर्निश, मग क्रमांक आणि चिन्हांचे डेकल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रे. चकचकीत थरावर डेकलखाली हवा अडकत नाही आणि नंतर सोडलेला वॉश फटींतून नीट धावतो. वॉश म्हणजे तैलरंग किंवा इनॅमल, मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ केलेला. वाळलेल्या अॅक्रिलिकला तो धक्का लावत नाही, त्यामुळे चुकले तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या ब्रशने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या तैलरंगाच्या ट्यूबा यासाठी पुरतात. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, काळा, पांढरा आणि एखादा पिवळट रंग असला की निम्मे काम होते.

रंगाचे टवके दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी ठिपके उमटवणे. दुसरा, खाली गंजाचा किंवा प्रायमरचा रंग देऊन त्यावर हेअरस्प्रे मारायचा, वर अॅक्रिलिकचा थर द्यायचा आणि तो वाळल्यावर पाणी लावून ताठ ब्रशने घासायचे. पाण्याने हेअरस्प्रे सैल होतो आणि वरचा रंग खराखुरा उडतो. हिवाळी युद्धात बर्फात लपण्यासाठी घाईत फासलेला पांढरा चुना झिजलेला दाखवायला याहून चांगली रीत नाही. धुळीसाठी शेवटी रंगीत भुकट्या वापरतात आणि टर्पेंटाइनच्या थेंबाने त्या बसवतात. भुकट्यांवर वॉर्निश मारले की त्या गडद होऊन अर्ध्याअधिक दिसेनाशा होतात.

पावसाळ्यात किनारपट्टीवर रंगकाम करणाऱ्यांना एक वेगळा त्रास असतो. दमट हवेत लॅकर आणि मॅट वॉर्निशवर पांढुरकी साय धरते, आणि कंप्रेसरच्या नळीत साठलेले पाणी एअरब्रशमधून थुंकल्यासारखे मॉडेलवर उडते. पाणी अडवणारा सापळा बसवणे आणि कोरड्या दिवसाची वाट पाहणे, हे दोनच उपाय.

एक उदाहरण: उसातला पॅटन

८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे भारतीय सैन्याने पाकिस्तानच्या चिलखती दलाचा हल्ला मोडून काढला. शेतांत पाणी सोडलेले होते, उभ्या उसात भारतीय तोफा आणि रणगाडे दबा धरून बसले होते, आणि पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन त्या चिखलात रुतले. जीपवर चढवलेल्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने रणगाडे टिपणाऱ्या अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच लढाईत. पकडलेले आणि मोडलेले पॅटन नंतर भिखीविंडजवळ रांगेने उभे केले गेले आणि त्या जागेला लोक ‘पॅटननगर’ म्हणू लागले.

उसात रुतून टाकून दिलेला पॅटन हा डायोरामासाठी उत्तम विषय आहे, आणि वेदरिंगची परीक्षा पाहणाराही. हा रणगाडा जुना झालेला नाही, नियमित निगा राखलेल्या दलातला आहे. मोहीम सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. म्हणजे अंगावर गंज जवळजवळ नको. टवके हवेत ते चालकदल चढते-उतरते तिथे, झाकणांच्या कडांना आणि अवजारांच्या आसपास. वरच्या भागावर सुकी, फिकी धूळ, ती शेतात शिरण्यापूर्वीच्या रस्त्यांची. तिच्यावर बुटांचे चिखलाळ ठसे, कारण माणसे घाईने बाहेर पडली आहेत. खालच्या भागात एकाच मातीच्या तीन छटा: वर उडून वाळलेले शिंतोडे, मध्ये ओलसर पट्टा, आणि चाकांशी चकचकणारा ओला गाळ. तिन्हींसाठी भुकटी एकच वापरावी, फरक फक्त बांधणाऱ्या द्रवाचा आणि चकाकीचा असावा. चाकांच्या मध्ये आणि दातेरी चाकाशी उसाची पाचटे अडकलेली हवीत. ती नसली तर रणगाडा उसात क्रेनने आणून ठेवला, असे वाटते.

इंजिनाचाही विचार करावा लागतो. त्या काळातले हे पॅटन पेट्रोलवर चालत. इंधनाच्या टाकीभोवती काळपट, तेलकट ओघळ दाखवणे ही आता सवयच झाली आहे. पण तसे डाग डिझेलचे असतात, सांडलेले पेट्रोल उडून जाते आणि फार तर तिथली धूळ धुऊन निघते. याच जातीची दुसरी चूक एम-११३ या चिलखती वाहनावर दिसते. त्याचे अंग अॅल्युमिनियमचे, तरी त्याच्यावर तांबूस गंज हौसेने रंगवला जातो. पॅटनच्या साखळीपट्ट्यांवर बहुधा रबरी गाद्या असत. म्हणून तिथे पेन्सिलीचे ग्राफाइट घासून पोलादी चमक आणायची नाही, झिजलेल्या रबराचा राखाडी रंग द्यायचा.

मातीत तर महाराष्ट्रातला मॉडेलर हमखास फसू शकतो. अंगणातली माती चाळून वापरणे स्वस्त आणि चांगले (आधी भाजून घ्यावी, नाहीतर बुरशी येते), पण पोत वापरावा, रंग नव्हे. खेमकरणची माती नदीच्या गाळाची, फिकट राखी-तपकिरी. देशावरची काळी किंवा कोकणातली तांबडी माती तिथे टाकली की लढाई पंजाबातून उचलून इकडे आली.

ऊस तयार मिळण्याची आशा धरू नये, तो स्वतःच करावा. सप्टेंबरमधला ऊस माणसाच्या डोक्यावरून जाणारा, दोन ते तीन मीटरचा धरला तर मॉडेलमध्ये सहा ते साडेआठ सेंटिमीटर. तेवढाच जवळजवळ रणगाडाही उंच, म्हणून फळीभर ऊस लावला तर रणगाडा दिसतच नाही. मागे आणि एका बाजूला उभा ऊस, पुढे रणगाड्याने आडवा केलेला पट्टा, अशी मांडणी कामाला येते. कांड्यांसाठी पितळी तार किंवा खराट्याच्या काड्या, पानांसाठी रंगवलेल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या. पानांच्या कडा बोटाने ओढून वाकवल्या नाहीत तर ती सुरीची पाती दिसतात, पाने नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि रणगाड्यापेक्षा जास्त वेळ खाते.

साचलेल्या पाण्यासाठी दोन घटकांचे इपॉक्सी रेझिन दोन-तीन मिलिमीटरच्या थरांत ओततात. एकदम जाड थर ओतला तर ते घट्ट होताना तापते, पिवळे पडते, कधी तडकते. शेतातले पाणी गढूळ असते, म्हणून तळाच्या थरात मातीचा रंग मिसळावा आणि वरचा थर तेवढा स्वच्छ ठेवावा.

मांडणीत एक जुना संकेत आहे: रणगाडा फळीच्या कडेला समांतर ठेवू नये. थोडा तिरका ठेवला की तो कुठून आला आणि कुठे अडकला, हे दिसते. फळी लहान ठेवावी. रिकामी जमीन गोष्ट सांगत नाही.

महाराष्ट्रातले संदर्भ

दिवाळीत दगडमातीचे किल्ले करून त्यांवर आळीव किंवा मोहरी पेरणारी आणि मावळे मांडणारी मुले या कलेच्या फार जवळ असतात. तिथे मात्र प्रमाण कोणी मोजत नाही: बुरुजाएवढा मावळा आणि त्याच्याहून मोठा वाघ सुखाने शेजारी नांदतात.

रणगाडे प्रत्यक्ष पाहायचे तर चिलखती दलाचे केंद्र असलेल्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) जावे. तिथल्या रणगाडा संग्रहालयात अनेक देशांचे रणगाडे आहेत, पॅटनही आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या चिलखती रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले, तोही अहमदनगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा.

संग्रहालयातला रणगाडा आकार, सांधे, बोल्ट आणि ओतीव पोलादाचा खडबडीतपणा यांसाठी विश्वासार्ह असतो. रंगासाठी नसतो. उघड्यावर उभ्या यंत्रांना वर्षानुवर्षे रंगाचे थर चढत जातात, बारीक तपशील त्यांखाली बुजतात आणि चिन्हे अंदाजाने पुन्हा रंगवली जातात. चिखल, धूळ आणि मोडतोड कळण्यासाठी लढाईच्या दिवसांतली छायाचित्रे पाहावी लागतात. १९६५ ची ही छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत. त्यांवरून चिखल कुठवर चढला होता ते मोजता येते, हिरवा नेमका कोणता होता ते सांगता येत नाही.