मोरो क्रिस की जावाचा केरिस? ओळख पात्याच्या बुडाशी

नागमोडी पाते आणि मुठीजवळ एका बाजूला टोकदार होत गेलेले बूड दिसले की विक्रेते सरसकट ‘क्रिस’ अशी चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीखाली दोन शस्त्रे खपतात. एक, दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू आणि मिंडानाओ भागातील तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ अशा मोरो मुस्लिम समाजांची तलवार. दुसरे, जावा-बालीचे कट्यारीच्या मापाचे केरिस. मोरो क्रिसचे मूळ केरिसमध्येच आहे, त्यामुळे चेहरामोहरा जुळतो. पण एकाचे निकष दुसऱ्याला लावले की चांगली वस्तू हातची जाते, नाहीतर बिघडते.

पात्याची वळणे मोजून काही ठरत नाही. दोन्हींत सरळ पाती असतात आणि वळणे असली तर बहुधा विषम. मापावरून पहिला अंदाज येतो: केरिसचे पाते साधारण ३० ते ४० सेंमी, मुख्यतः भोसकण्यासाठी, मोरो क्रिसचे बहुधा ४५ ते ६० सेंमी, रुंद आणि दोन्ही धारांनी तोडणारे.

या फरकामुळेच मुठीची बांधणी बदलली. केरिसच्या पात्याची मुठीत शिरणारी दांडी गोल असते. तिच्यावर कापड किंवा सूत गुंडाळून मूठ दाबून बसवतात, खाली ‘मेंडक’ हे छोटे कडे येते. अशी मूठ हलकेच पिळून काढता येते. तलवारीच्या वारात मात्र गोल दांडीवरची मूठ हातात फिरली असती. म्हणून मोरो कारागिरांनी दांडीचा बुडाजवळचा भाग चौकोनी केला, ती राळेसारख्या द्रव्यात पक्की बसवली आणि बूड मुठीला आवळणारे एक-दोन धातूचे बंध दिले. या बंधांना ‘आसांग-आसांग’ म्हणतात. केरिससारखी मोरो मूठ पिळू नका: राळ फुटते, बंध वाकतात, मुठीवरची दोरी उसवते.

खरी गफलत होते ती गांग्याबाबत. गांग्या म्हणजे पात्याच्या बुडाशी बसवलेली आडवी पट्टी. मोरो क्रिसमध्ये ती कालनिर्णयाची सर्वांत उपयोगी खूण आहे. जुन्या पात्यांत ती वेगळी घडवलेली असते आणि सांध्याची रेघ सरळ जाते. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या पात्यांत हीच रेघ टोकाशी सुमारे ४५ अंशांत वळते. १९३० नंतरच्या बहुतेक पात्यांत गांग्या वेगळी नसते, नुसती रेघ कोरलेली असते. भिंगाखाली बघा: खरा सांधा दोन्ही बाजूंनी आणि कडेवरूनही सलग जातो, कोरलेल्या रेघेला तळ दिसतो.

हाच निकष केरिसला लावला तर फसगत ठरलेली. गांग्याला जावात ‘गांजा’ म्हणतात; पात्यासकट एकसंध घडवलेली गांजा ही तिथे मान्य रीत आहे, तिला ‘गांजा इरास’ म्हणतात. सांधा दिसला नाही एवढ्यावरून केरिस नवे ठरवून परत करू नये.

नक्षीदार मूठ ही मोरो क्रिसची शान. काकाकुव्यासारखी चोच आणि तुरा असलेला ‘काकातुआ’ माथा लाकडी, चांदीचा किंवा हस्तिदंती असतो. पकडीवर रंगीत दोरी, चांदीच्या पट्ट्या किंवा विणलेली चांदीची तार. जुने माथे लहान; तुरा आणि चोच भलतीच वाढवलेला ‘जुंग्गायान’ प्रकार सुलूच्या दातूंचा, म्हणजे सरदारांचा, आणि त्यालाच सर्वाधिक किंमत येते. त्यामुळे जुन्या पात्यावर अलीकडचा भव्य माथा चढवून विकण्याचा मोह मोठा. जुन्या पात्याला पुढच्या पिढीने नवी मूठ देणे ही मोरोंची स्वतःचीही रीत होती, तेव्हा मूठ नंतरची असणे हा दोष नाही. दोष तो, की चांदी म्हणून पांढरा मिश्रधातू आणि हस्तिदंत म्हणून हाड खपवणे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळपट छिद्रे. बंधांखाली चकाकणारा इपॉक्सी दिसला तर सैल गांग्या कुणीतरी चिकटवली आहे असे समजा आणि किंमत त्याप्रमाणे पाडा.

सफाईत चूक सर्वांत महाग पडते. मोरो पात्याच्या पोलादाचे थर दिसावेत म्हणून पाते तेलमुक्त करून कापसाने थोडा व्हिनेगर लावता येतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, पूर्ण कोरडे करून, खनिज तेलाचा पातळ हात. केरिसवर हे करू नका. त्याचा काळसर रंग आर्सेनिक आणि लिंबाच्या रसाच्या ‘वारांगान’ प्रक्रियेतून येतो, तो उतरला की निकेलमिश्रित ‘पामोर’ नक्षी फिकी पडते. हाताळताना हातमोजे घाला. पॉलिश पेपर दोन्हींवर वर्ज्य.

अमेरिकी सैन्याने मोरोंशी लढताना, १९०६ च्या बुड दाहो आणि १९१३ च्या बुड बागसाक इथल्या लढायांच्या काळात, ही शस्त्रे मोठ्या संख्येने घरी नेली. म्हणून आजही अनेक चांगले नग अमेरिकी लिलावांत निघतात. भारतात मागवण्याआधी शस्त्र कायदा, १९५९ खालचा आयात परवाना हातात असावा. हस्तिदंती माथा असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो, म्हणून लाकडी माथ्याचाच नग शोधावा.