ठेंगणा जपानी मेपल : कोल्हापुरातील कुंडीलागवड

जपान आणि कोरियातील मूळच्या ‘एसर पामेटम’ या पानझडी वृक्षाचे बुटके बागायती वाण शोभेसाठी कुंडीत किंवा लहान परसबागेत वाढवण्याचा प्रकार. मूळ झाड सहा ते दहा मीटर उंच होते. ठेंगणे वाण मात्र दहा वर्षांनीही माणसाच्या उंचीच्या आत राहतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग याने १७८४ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. जपानी बागवानांनी त्याआधीपासूनच, एदो काळात (१६०३–१८६८), तिचे अनेक वाण निवडून जोपासले होते. ‘मिकावा यात्सुबुसा’ (पाने एकावर एक रचल्यासारखी दाट), ‘शिशिगाशिरा’ (चुरगळलेली हिरवी पाने), ‘शैना’ (गडद लाल, आटोपशीर) आणि ‘क्रिम्सन क्वीन’ (बारीक चिरलेली, खाली झुकणारी पाने) हे कुंडीसाठी परिचित वाण होत.

कोल्हापुरात हे झाड लावणारा पहिली धास्ती उन्हाळ्याची घेतो. खरी अडचण हिवाळ्याची, म्हणजे तो नसण्याची आहे. मेपलच्या डोळ्यांना (फांदीवरच्या सुप्त अंकुरांना) नव्याने जोमदार फुटण्यासाठी आधी कित्येक आठवडे सुमारे ७ अंश सेल्सिअसखालची थंडी मिळावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवरच्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सरासरीने १४-१५ अंशांच्या आसपास असतात. पन्हाळा कोल्हापूरहून तीन-चारशे मीटर उंच असला तरी तिथेही ही गरज भागत नाही. परिणामी झाड धड झोपत नाही की जागे होत नाही. जुनी पाने कडेने करपून लटकत राहतात, वसंतात मोजकेच डोळे उशिरा फुटतात आणि फांद्यांची टोके वाळत जातात. पहिल्या वर्षी झाड अंगातल्या अन्नसाठ्यावर तग धरते, म्हणून मालकाला जमल्यासारखे वाटते. दोन-तीन हंगामांत तो साठा संपतो.

यावर उष्ण प्रदेशांतले हौशी लोक फ्रिज वापरतात. हसू येण्यासारखा असला तरी उपाय तर्काला धरून आहे. डिसेंबरच्या सुरुवातीस वाढ थांबल्यावर उरलेली पाने देठाशी कापून काढतात आणि लहान कुंडीतले झाड ४-५ अंशांवर सहा ते आठ आठवडे ठेवतात. पाने नसल्याने उजेडाची गरज नसते. माती मात्र किंचित ओली राहिली पाहिजे. पिकती फळे इथिलीन वायू सोडतात आणि तो डोळ्यांना मारक ठरू शकतो, म्हणून केळी-सफरचंदे वेगळीकडे ठेवावीत. फेब्रुवारीच्या मध्यास झाड बाहेर काढून सावलीत ठेवले की डोळे फुगू लागतात. यशाची हमी नाही आणि मोठ्या कुंडीला हा मार्ग बंदच, त्यामुळे कोल्हापुरात हे झाड बोन्सायच्या मापातच परवडते.

जपानमधल्या शरदातल्या लाल डोंगरांची छायाचित्रे पाहून झाड घेणाऱ्याची निराशा ठरलेली. तो रंग येण्यासाठी थंड रात्री आणि स्वच्छ ऊन एकत्र लागते. हरितद्रव्य विरते आणि पानात लाल अँथोसायनिन तयार होते. इथे लाली दिसते ती कोवळ्या फुटव्यावर. लाल वाणही उष्ण रात्रींत तपकिरी-हिरवट होतात. शिवाय पेच असा की रंगासाठी ऊन हवे आणि पातळ पानासाठी सावली. कोल्हापुरी एप्रिलमध्ये पारा ३७-३८ अंशांवर जातो, तेव्हा सावलीचीच बाजू घ्यावी. पूर्वेकडची बाल्कनी, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचे ऊन आणि नंतर भिंतीची सावली ही चांगली जागा. तापलेल्या स्लॅबच्या गच्चीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळीही पुरत नाही, कारण कुंडी खालून भाजते. तिथे कुंडी विटांवर उचलून तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

माती हा इथला दुसरा मोठा प्रश्न. उसाला मानवणारी काळी माती कुंडीत भरू नये. ती ओली असताना चिकट, वाळली की भेगाळणारी आणि बहुधा विम्लधर्मी. मेपलला किंचित आम्ल आणि पाण्याचा झटपट निचरा करणारे माध्यम लागते. त्या मानाने जिल्ह्याच्या पश्चिम भागातली जांभ्याची तांबडी माती बरी, पण तीही एकटी वापरली तर घट्ट बसते. जांभ्याचे किंवा विटांचे चाळलेले खडे दोन भाग, धुतलेले कोकोपीट दोन भाग आणि मुरलेले पानांचे खत एक भाग हे मिश्रण चालते. कोकोपीट धुणे टाळू नये. त्यातले मीठ पानांच्या कडांवर उमटते. वरून उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे अंथरले तर मुळे थंड राहतात. ते खोडापासून चार बोटे दूर असावेत.

पाणी नळाचे किंवा पावसाचे साठवलेले द्यावे. बोअरच्या जड पाण्याने पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. घरातल्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत काटकसरीची असली तरी त्यात क्षार एकवटलेले असतात. मेपलला ते मुळीच घालू नये. उन्हाळ्यात रोज पाणी लागते, पण बोट खुपसून वाफसा पाहूनच. जुलैच्या झडीत उलटी काळजी घ्यावी लागते. कुंडी पागोळीखाली राहिली की मुळे कुजतात, आणि झाड सुकल्यासारखे दिसल्याने लोक आणखी पाणी घालतात.

छाटणी थोडीच लागते. पानांची जोडी उघडली की मधला शेंडा चिमटीने खुडावा. फांदी आखूड राहते. नत्रयुक्त खत सढळ दिले तर कांडी लांबते आणि ठेंगणेपणाच हरवतो. मावा, पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यात लाल कोळी यांचा उपद्रव होतो. कुंडी दोन-तीन वर्षांनी, डोळे फुगत असताना बदलतात.

खरेदीत फसगत बरीच होते. खऱ्या मेपलची पाने फांदीवर समोरासमोर, जोडीने येतात. एकाआड एक असतील तर ते मेपल नव्हे. ऑनलाइन विकले जाणारे ‘निळ्या मेपलचे बी’ ही निव्वळ थाप आहे, तसे झाड नसतेच. खऱ्या बियांनाही उगवण्यापूर्वी तीन-चार महिने ओलसर थंडी लागते आणि रोप मूळ वाणासारखे निघत नाही, म्हणून वाण कलमानेच वाढवतात. कलमाच्या सांध्याखालचे फुटवे खुंटाचे (ज्या रोपावर कलम बांधले त्याचे) असतात; ते ताबडतोब काढावेत, नाहीतर वाण मागे पडून साधे हिरवे झाड उरते.

इतकी उठाठेव नको असेल त्यांनी त्रिखंडी पानांचा ‘एसर बुर्गेरियानम’ पाहावा. तो उष्णता अधिक सोसतो आणि बोन्सायमध्ये रुळलेला आहे. केवळ लाल, पंजासारखे पान हवे असेल तर अंबाडीच्या कुळातली लाल पानांची जास्वंद, ‘हिबिस्कस असेटोसेला’, कोल्हापुरी उन्हात आनंदाने वाढते आणि तिची आंबट पाने खाताही येतात. परसात मोठ्या झाडाला जागा असणाऱ्यांसाठी सह्याद्रीतला कोशिंब आहे. तो मेपलच्याच कुळातला, सॅपिंडेसीमधला. त्याची लाल पालवी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, आणि तिला थंडीची वाट पाहावी लागत नाही.