गंभीर गुन्ह्यातील जामीन : आमच्या पक्षकारांसाठी माहिती

घरातील माणसाला खुनासारख्या गुन्ह्यात अटक झाली की कुटुंबीय प्रथम हेच सांगतात, ‘साहेब, त्याने हे केलेलेच नाही.’ ही तळमळ आम्ही जाणतो. परंतु जामिनाच्या टप्प्यावर न्यायालय दोषी की निर्दोष हे ठरवीत नाही. गुन्ह्याचे स्वरूप, संभाव्य शिक्षा व प्रथमदर्शनी पुरावा विचारात घेऊन, आरोपी फरार होईल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का, हे न्यायालय पाहते. म्हणून घराचा व नोकरीचा पुरावा, आजारपणाचे कागद आणि विशेषतः पूर्वीचे गुन्हे आमच्यापासून लपवू नयेत. सरकारी वकिलांनी ते न्यायालयात प्रथमच वाचून दाखवले की अर्जाचे फार नुकसान होते.

मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांचे अधिकार मर्यादित असल्याने अर्ज बहुधा सत्र न्यायालयात आणि तेथे फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयात करावा लागतो. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) किंवा २० किलोपेक्षा अधिक गांजाच्या प्रकरणात आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, असे न्यायालयाला वाटावे लागते. ही अट फार कठीण आहे. तरीही खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर दीर्घ कोठडी हे जामिनाचे कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात यूएपीएसारख्या (दहशतवादी व बेकायदा कृत्यांविरुद्धच्या) कठोर कायद्याखालीही मान्य केले.

तारखांकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहतो. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास जामीन हा आरोपीचा हक्क होतो आणि या मोजणीत पहिल्या कोठडीचा दिवसही धरला जातो. मात्र आपला अर्ज देण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले, तर हा हक्क संपतो; त्यामुळे रिमांडच्या (कोठडीत पाठवण्याच्या) आदेशाची प्रत पहिल्याच भेटीत आणावी. मकोका, यूएपीए अशा विशेष कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते.

आदेश झाल्यावर जामीनदाराचे आधार कार्ड, सातबारा किंवा ऐपतीचा दाखला तयार ठेवावा. जामीनदार परजिल्ह्यातील आहे एवढ्यावरून नाकारला गेल्यास लगेच कळवावे; १९७८ मध्ये मोती राम या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा नकार चुकीचा ठरवला होता.