कॉर्नर किकच्या गर्दीतली शिवी

फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम सांगतो, की अपमानास्पद भाषा वापरणाऱ्या किंवा शिवीगाळ करणाऱ्या खेळाडूला थेट लाल कार्ड दाखवावं. आधी पिवळं मिळालेलं असलंच पाहिजे असं नाही. शिवी समोरच्या गड्याला दिली काय किंवा रेफ्रीला दिली काय, नियमाला फरक पडत नाही. नुसतं लक्ष उडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या कानाशी काही बोललं, तरी पिवळं कार्ड आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर अख्खी हयात घालवलेल्या कित्येकांना हे सांगितलं तर नवल वाटेल, कारण हा नियम लागू झालेला बघायलाच मिळत नाही.

म्हणजे तोंडानं डिवचण्याला शिक्षा असावी का, हा प्रश्न कागदावर केव्हाच मिटला आहे. मैदानावर मात्र ‘बोललाच ना फक्त, मारलं तर नाही’ असं म्हणून आपण तो सोडून देतो. बोलणं आणि मारणं यांत आपण समजतो तेवढं अंतर नसतं. खेळणाऱ्याच्या शरीरात तर ते फारच थोडं उरतं.

कॉर्नर किकचा क्षण घ्या. एक गडी बॉल घेऊन झेंड्यापाशी गेलेला, गोलसमोर दहा-बारा जणांची रेटारेटी. डिफेंडर स्ट्रायकरच्या पाठीला चिकटून उभा, त्याचं तोंड स्ट्रायकरच्या कानापासून वीतभर अंतरावर. रेफ्रीची नजर हातांवर असते, कोण जर्सी ओढतंय, कोण ढकलतंय यावर. “काय रं, दमलास व्हय? मागच्या मॅचला बी हितंच घालवलास की.” इथवर ठीक. पण बॉल यायला उशीर होतो आणि पुढच्या वाक्यात घरातल्या बाईमाणसाचं नाव येतं. स्ट्रायकरचं कोपर मागं जातं. ते रेफ्रीला दिसतं, गॅलरीला दिसतं, मोबाइलवाल्यांना तर हमखास दिसतं. वाक्य ज्याच्यासाठी होतं, त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू गेलेलं नसतं.

त्या दोन-तीन सेकंदांत काय घडतं? फुटबॉलच्या सामन्यात खेळाडूच्या हृदयाचे ठोके सरासरीनं त्याच्या कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांवर चालू असतात. रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढलेलं, श्वास जोरात, स्नायू ताणलेले. ही सगळी तयारी धावण्यासाठी असते. पण राग येतो तेव्हाही शरीर जवळपास हीच तयारी करतं. छाती धडधडतेय ती पळाल्यामुळे की संतापामुळे, याचा वेगळा हिशेब मेंदू ठेवत नाही. समोर रागाचं कारण असलं, की सगळी धडधड तो रागाच्याच खात्यावर टाकतो.

डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच तपासलं. काही जणांना आधी मुद्दाम डिवचलं, काहींना नाही. मग काहींना दम लागेल इतकी सायकल मारायला लावली आणि बाकीच्यांना बसून करायचं हलकं काम दिलं. शेवटी समोरच्या माणसाला विजेचे झटके द्यायची संधी दिली. ज्यांना कुणी डिवचलं नव्हतं, ते सायकल मारूनही तेवढे आक्रमक झाले नाहीत. डिवचलेले आणि दमलेले होते, त्यांनी सर्वांत तीव्र झटके दिले. या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला हा वाटतो, की नुसत्या श्रमानं माणूस हिंसक होत नाही, त्याला शब्दांची किंवा कृतीची काडी लागते. थंड तेलात पाण्याचा थेंब पडला तर काही होत नाही. तोच कडकडीत तापलेल्या तेलात पडला, तर अंगावर उडतो. थेंब टाकणाऱ्या डिफेंडरला तेल तापलंय हे पक्कं माहीत असतं, कारण तोही तेवढाच पळालेला असतो.

‘सवय झाली की शिव्यांचं काही वाटत नाही’ असं जुने खेळाडू सांगतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच्या उलट बोलतो. काही स्त्रियांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना अपमानाची, कौतुकाची आणि साधी वाक्यं पुन्हापुन्हा वाचायला दिली. अपमानाचा शब्द आला, की पाव सेकंदाच्या आसपास मेंदूच्या विद्युत लहरींत ठळक फरक दिसायचा. वाक्यं कितीदाही आली, तरी ही पहिली दचक ओसरली नाही. प्रयोगशाळेतल्या शांत खोलीत, पडद्यावरच्या निर्जीव अक्षरांनी ही अवस्था होते. सवयीनं माणूस उत्तर न द्यायला शिकत असेल, पण शब्द आत पोचायचा थांबत नाही.

आता आपल्याकडचं. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं जर्सीवर येतात तेव्हा अंगावर नुसता क्लब नसतो, पेठ असते. ही ईर्षाच इथल्या फुटबॉलचा जीव आहे. ती संपावी असं मला मुळीच वाटत नाही. पण मानाची भावना जिथं तीव्र, तिथं अपमानाचा शरीरावरचा परिणामही तीव्र असतो. अमेरिकेत डोव्ह कोहेन, रिचर्ड निस्बेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग गाजले. अरुंद बोळातून जाताना एक जण मुद्दाम खांदा मारायचा आणि शिवी पुटपुटायचा. नंतर विद्यार्थ्यांची लाळ तपासली. दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे घराण्याच्या इभ्रतीला जपणाऱ्या समाजात वाढलेल्या तरुणांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि आक्रमकतेशी जोडलं जाणारं टेस्टोस्टेरॉन चढलेलं होतं. उत्तरेकडचे विद्यार्थी बहुतांशी निवांत होते. शिवी तीच, धक्का तोच. प्रयोग तिकडचा असला, तरी पेठेत वाढलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही.

जागतिक फुटबॉलमधलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ९ जुलै २००६ चं. बर्लिनमधली वर्ल्ड कप फायनल, जादा वेळेतलं ११० वं मिनिट, आणि फ्रान्सच्या झिनेदिन झिदाननं इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीवर डोकं आदळलं. झिदानच्या कारकिर्दीतला तो शेवटचा सामना होता. आपण झिदानच्या बहिणीवरून अपशब्द काढले होते, हे मातेराझ्झीनं पुढे स्वतःच सांगितलं. ११० मिनिटं पळालेल्या, पस्तिशीत जाऊ घातलेल्या माणसाच्या शरीराची झिलमनच्या सायकलस्वारांशी तुलना करून बघा. त्या दिवशी मैदानावर लाल कार्ड एकट्या झिदानला मिळालं, ते योग्यच होतं. पण नंतर फिफानं झिदानला ३ सामन्यांची बंदी दिली आणि मातेराझ्झीला २ सामन्यांची. दोघांनाही दंड झाला, झिदानला ७,५०० स्विस फ्रँक आणि मातेराझ्झीला ५,०००. डोक्याला तीन, जिभेला दोन. हे प्रमाण मला आजही न्याय्य वाटतं. चिथावणीमुळे हल्ला माफ होत नाही आणि हल्ल्यामुळे चिथावणी धुऊन निघत नाही.

मग सगळंच बोलणं बंद करायचं का? नाही. जेरेमी यिप, मॉरिस श्वाइट्झर आणि समीर नूरमोहमद यांनी २०१८ मध्ये डिवचण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. डिवचलेली माणसं स्पर्धेत जास्त जोर लावतात, असं त्यांना दिसलं. पण तीच माणसं हरवण्यासाठी जास्त लबाडीही करतात, आणि कल्पकता लागणारं काम त्यांना नीट जमत नाही. म्हणजे टोमण्यानं पाय जोरात पळतील, पण बचावाची भिंत फोडणारा पास सुचायचा नाही. ‘आज बी चुकवणार हाय बघ’ हा खेळाबद्दलचा टोमणा खेळातच राहू द्यावा. त्याचं उत्तर गोलनं देता येतं. आई-बहीण, जात, धर्म, रंग यांवरच्या शब्दाला मैदानात उत्तरच नसतं, आणि म्हणून तो खेळाबाहेरचा. वंशभेदी वागणुकीसाठी फिफाच्या २०१९ च्या शिस्तसंहितेत खेळाडूला किमान १० सामन्यांची बंदी सांगितली होती, तीही याच विचारानं.

खरी अडचण ऐकू येण्याची आहे. रेफ्री वीस-तीस फुटांवर, गॅलरीत ढोल आणि शिट्ट्या. पुरावा नसताना मोठी शिक्षा द्यायला कुठलाही रेफ्री कचरणार, आणि तसं झालंच पाहिजे. पण शिक्षेबद्दलचं गुन्हेशास्त्रातलं संशोधन इथं उपयोगी पडतं. डॅनियल नेगिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलंय, की माणसाला शिक्षेच्या आकारापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त रोखते. लाल कार्ड मोठं आहे म्हणूनच रेफ्रीचा हात खिशाकडे जात नाही. हात सहज जाईल अशी छोटी शिक्षा हवी. इंग्लंडमध्ये २०१९-२० पासून स्थानिक पातळीवरच्या सामन्यांत रेफ्रीशी हुज्जत घालणाऱ्याला १० मिनिटं बाहेर बसवतात, आणि तोवर संघ एका गड्यानं कमी खेळतो. तिथं हा नियम रेफ्रीशी बोलण्यापुरता आहे. कोल्हापुरात तो गड्यानं गड्याला दिलेल्या शिवीलाही लावून बघावा.

हंगामाच्या साखळी सामन्यांत हे करून बघता येईल. परवानगीची वाट रीतसर चालावी, पण तयारी आत्ता सुरू होऊ शकते. टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना घर, जात आणि धर्म यांची हद्द स्पष्ट सांगायची. कॉर्नर आणि फ्री किकला जवळच्या लाइन्समननं हातांबरोबर तोंडांकडेही बघायचं. एखाद्या गड्यानं तक्रार केली, तर ती रेफ्रीनं त्याच वेळी वहीत मिनिटासह टिपायची. कोपर मागं जाईपर्यंत थांबायचं नाही. एकाच खेळाडूबद्दल वेगवेगळ्या संघांकडून तशाच नोंदी जमल्या, तर शिस्त समितीनं त्याला बोलावून घ्यावं. आणि त्याच्या तालमीच्या वडीलधाऱ्यांनाही सोबत बोलवावं, कारण आपल्याकडे पोराला गप्प करायची ताकद अजून त्यांच्या शब्दात आहे.