कृष्णवर्णीयांचा सिनेमा ‘चालत नाही’, हे कसं ठरलं

हॉलिवूडमध्ये एखाद्या पटकथेवर पैसे लावायचे की नाही हे ठरवताना तीन आकडे मांडले जातात: तशाच जुन्या चित्रपटांनी किती कमावलं, प्रमुख नटाच्या नावावर परदेशी वितरक किती रक्कम देतील आणि पहिल्या शुक्रवारी किती पडदे मिळतील. वरवर पाहता यात रंगाचा काहीच संबंध नाही. पण तुलनेला घेतलेला जुना चित्रपट मुळातच कमी पडद्यांवर लागला असेल, तर त्याची कमाई कमीच दिसणार. त्या कमाईवरून पुढच्याचं बजेट ठरणार आणि बजेट लहान म्हणून पडदे पुन्हा कमी मिळणार. म्हणून कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास बघताना पडद्यावर कोण दिसलं एवढ्यावर भागत नाही. तिकीट कुणाला, कुठल्या दारातून आणि कोणत्या खेळाचं मिळत होतं, तेही पाहावं लागतं.

१९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. त्यात कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी संघटना तारणहार आणि गुलामीतून सुटलेली माणसं हे संकट. कृष्णवर्णीयांच्या मुख्य भूमिका तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या. मोडीत निघालेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जियात पुन्हा उभी राहिली आणि पुढे सभासद जमवायला तिने हाच चित्रपट वापरला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने शहराशहरांत निदर्शनं केली, बंदी मागितली. काही ठिकाणी दृश्यं कापली गेली, तरी चित्रपट प्रचंड चालला.

निषेधापाशी न थांबता काही जणांनी स्वतःच चित्रपट काढायला घेतले. १९१६ मध्ये नोबल जॉन्सन आणि त्यांचे भाऊ जॉर्ज यांच्या पुढाकाराने लिंकन मोशन पिक्चर कंपनी निघाली. नोबल हे युनिव्हर्सल या बड्या स्टुडिओच्या चित्रपटांतही कामं करत. कृष्णवर्णीय वस्त्यांत लोक युनिव्हर्सलचे चित्रपट सोडून लिंकनच्या खेळांना जाऊ लागले, तेव्हा नोबल यांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. या प्रेक्षकाची ताकद मोठ्या कंपन्यांना तेव्हाच कळली होती, हे विसरून चालणार नाही.

या काळातलं सर्वांत मोठं नाव ऑस्कर मिशो यांचं. लिंकन कंपनीला त्यांची कादंबरी हवी होती, पण दिग्दर्शन आपणच करणार यावर ते अडून बसले आणि बोलणी फिसकटली. मग त्यांनी आयोवातल्या सू सिटीच्या आसपासच्या शेतकऱ्यांना, बहुतेक गोऱ्याच, ७५ ते १०० डॉलरला एक असे शेअर विकले आणि १९१९ मध्ये ‘द होमस्टेडर’ काढला. त्यांचा धंद्याचा रिवाज ठरलेला होता. तयार चित्रपटाची प्रिंट गाडीत टाकून गावोगाव जायचं, चित्रपटगृहाच्या मालकाला पुढच्या चित्रपटातल्या नटांचे फोटो दाखवायचे आणि त्याच्याकडून आगाऊ पैसे घेऊन तो चित्रपट काढायचा. असे चाळीसहून अधिक चित्रपट त्यांनी केले. १९२८ मध्ये दिवाळं निघालं, तरी थांबले नाहीत.

कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेल्या या चित्रपटांना ‘रेस फिल्म’ म्हणत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना बाजूच्या जिन्याने वर चढून बाल्कनीत बसावं लागे, किंवा गोऱ्यांचे खेळ आटोपल्यावर मध्यरात्री वेगळा खेळ मिळे. प्रिंट मोजक्या आणि त्याच गावोगाव फिरत. प्रत्येक शहराचं सेन्सॉर मंडळ निराळं, त्यामुळे एकाच चित्रपटाची लांबीही गावागणिक बदले. मिशो यांच्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये (१९२०) झुंडीने फाशी दिल्याचं दृश्य होतं. आदल्याच वर्षी वंशदंगल झालेल्या शिकागोत त्यावरून मोठा वाद झाला. अमेरिकेत या चित्रपटाची एकही प्रत उरली नाही. एक स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ नावाने सापडली आणि अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९३ मध्ये ती दुरुस्त केली. १९१५ ते १९५० च्या दरम्यान असे सुमारे ५०० चित्रपट निघाले. त्यांतले शंभरही आज शिल्लक नाहीत.

मुख्य प्रवाहात कात्री वेगळ्या पद्धतीने चाले. १९३० मध्ये आलेल्या आणि १९३४ पासून सक्तीने लागू झालेल्या हेज संहितेत, म्हणजे स्टुडिओंनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीत, गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती. नायक गोरा म्हटल्यावर कृष्णवर्णीय नटीला नायिका होण्याची वाटच बंद. उरली मोलकरीण, नाही तर एखादं गाणं. एमजीएम स्टुडिओने कृष्णवर्णीय गायिका-नटी लीना हॉर्न यांची गाणी कथेपासून सुटी ठेवली, म्हणजे दक्षिणेतल्या गावांत ती कापली तरी गोष्टीचा धागा तुटू नये. मेम्फिसच्या सेन्सॉर मंडळाचे अध्यक्ष लॉईड बिनफर्ड यांनी तर गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका शाळेत दिसतात म्हणून १९४७ चा ‘कर्ली’ अडवला. ‘दक्षिणेत चालणार नाही’ ही सबब अशी पटकथा लिहिली जाण्याआधीच काम करत असे. हॅटी मॅकडॅनियल यांना २९ फेब्रुवारी १९४० रोजी ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, त्या रात्री त्यांना बाकीच्या कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

संहितेतलं प्रेमसंबंधांच्या मनाईचं कलम १९५६ मध्ये निघालं, पण सवय टिकली. कृष्णवर्णीय नट सिडनी पॉयटिए यांचे १९६७ मध्ये तीन चित्रपट गाजले, १९६८ मध्ये तिकीटबारीवरचा पहिल्या क्रमांकाचा नट म्हणून त्यांचं नाव लागलं. तरी ‘गेस हूज कमिंग टु डिनर’मधलं त्यांचं आणि गोऱ्या नायिकेचं चुंबन दिसतं ते टॅक्सीच्या आरशात.

इथे प्रकाशयोजनेचा मुद्दा येतो. कॅमेऱ्यामागच्या या भेदभावाकडे समीक्षक फारसे वळत नाहीत. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा त्वचेचा रंग जुळवायला गोऱ्या स्त्रीचं चित्र नमुना म्हणून धरत. एका चौकटीत गोरा आणि कृष्णवर्णीय नट असले की एक्स्पोजर गोऱ्या चेहऱ्यावर बेतलं जाई आणि दुसऱ्या चेहऱ्याचे डोळे-दात तेवढे उठून दिसत, बाकी तपशील बुडे. समोरून नुसता प्रखर झोत वाढवून हे सुटत नाही. मोठ्या पृष्ठावरून परतवलेला मऊ प्रकाश बाजूने द्यावा लागतो आणि पावडर मारून चमक घालवण्याऐवजी ती थोडी राखावी लागते, कारण गडद त्वचेवर चेहऱ्याची ठेवण त्या चमकेतूनच उमटते. ‘इन द हीट ऑफ द नाइट’साठी (१९६७) छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पॉयटिए यांच्या वर्णाचा विचार करून प्रकाश बेतला. मोठ्या रंगीत चित्रपटात असा विचार होणं तोवर दुर्मीळ होतं.

१९७१ मध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शक मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी स्टुडिओशिवाय ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडअ‍ॅस साँग’ पुरा केला. पैसे संपले तेव्हा ५०,००० डॉलर कर्जाऊ घेतले. सुरुवातीला डेट्रॉईट आणि अटलांटा इथली मिळून दोनच चित्रपटगृहं तो लावायला तयार झाली. कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्याच वर्षी कृष्णवर्णीय नायकाच्या ‘शाफ्ट’ने अडचणीतल्या एमजीएमला हात दिला. गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेल्याने शहरातली मोठी चित्रपटगृहं ओस पडली होती, ती कृष्णवर्णीय प्रेक्षकाने भरली. स्टुडिओंनी यातून स्वस्तातला धडा तेवढा उचलला: लहान बजेट, गुंड, दलाल, बंदुका. ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ (‘ब्लॅक’ आणि ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हणजे शोषण) हा शब्द १९७२ मध्ये एनएएसीपीच्या हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी निषेध म्हणूनच वापरात आणला. पुढे हाच प्रेक्षक ‘द गॉडफादर’ आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’लाही मोठ्या संख्येने येतो हे दिसलं, आणि त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, असा हिशेब झाला. १९७५ नंतर ही लाट विरली.

नंतर पुन्हा उसळी आली ती १९९० च्या सुमारास. जॉन सिंगलटन यांच्या ‘बॉईज एन द हुड’च्या (१९९१) पहिल्या रात्री काही ठिकाणी हाणामाऱ्या झाल्या आणि काही मालकांनी खेळच काढून टाकले. हिंसेविरुद्धच्या चित्रपटाला हिंसेच्या भीतीने पडदे गमवावे लागले. कृष्णवर्णीय नेत्यावरच्या ‘माल्कम एक्स’च्या (१९९२) वेळी अडचण पूर्तता-हमीची होती. चित्रपट ठरल्या रकमेत पुरा होईल याची हमी घेणारी कंपनी खर्च वाढला की सूत्रं हातात घेते. तिने संकलनाच्या टप्प्यावर पैसे थांबवले. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी आपल्या मानधनाचा मोठा भाग घातला आणि ओप्रा विन्फ्री, मायकल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, प्रिन्स अशांकडून परतफेडीची अट नसलेल्या देणग्या घेऊन काम पुरं केलं.

प्रेक्षकांचा संघटित पाठिंबा आज ज्या रूपात दिसतो, त्याचं कारण पडद्यांच्या वाटपात आहे. शुक्रवार ते रविवार दर पडद्यामागे किती गल्ला आला ते पाहून सोमवारी पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. तिसऱ्या आठवड्यात सवडीने पाहू म्हणणारा प्रेक्षक या हिशेबात येतच नाही. म्हणून चर्चमंडळी, महाविद्यालयीन भगिनीमंडळं, माजी सैनिकांचे गट अख्खा खेळ आरक्षित करतात. ‘स्टार वॉर्स’वाले जॉर्ज लुकास यांना दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांवरच्या ‘रेड टेल्स’साठी (२०१२) एकही स्टुडिओ मिळेना, परदेशात हे कसं विकायचं हाच प्रश्न. त्यांनी सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर स्वतःचे घातले आणि असे गट हिरिरीने उतरले. पण एकूण गल्ला ५ कोटींच्या आसपास थांबला. सामान्य चित्रपटाचंही तिकीट कर्तव्य म्हणून काढायचं, कारण तो पडला तर पुढच्या दहांची दारं बंद होतील, हे ओझं गोऱ्या प्रेक्षकावर कधीच नव्हतं. ते अन्यायाचंच आहे.

परदेशाची सबब किती जपली गेली, ते पोस्टरांवर दिसतं. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’च्या इटलीतल्या पोस्टरांवर (२०१३) नायक चुएटेल एजिओफोर बारीक आणि ब्रॅड पिट मोठे. ‘द फोर्स अवेकन्स’च्या चिनी पोस्टरावर (२०१५) जॉन बोयेगा आक्रसलेले. नायकाला झाकून चित्रपट विकायचा आणि मग तो नायक परदेशात ओळखीचा नाही म्हणायचं, असा हा प्रकार.

‘गेट आउट’ (२०१७) ४५ लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरात २५ कोटींवर गेला. मग रायन कूगलर यांचा, कॉमिकवरून केलेला २० कोटींचा ‘ब्लॅक पँथर’ (२०१८). मराठी वाचकाला या नावाने १९७२ ची मुंबई आठवते. दलित पँथरने नाव घेतलं ते ऑक्टोबर १९६६ मध्ये अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. कॉमिकमधलं पात्र त्याआधी काही महिने आलं होतं. या चित्रपटाने १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि त्यातले जवळपास निम्मे अमेरिकेबाहेरचे.

त्याच रायन कूगलर यांचा ‘सिनर्स’ एप्रिल २०२५ मध्ये आला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत ४ कोटी ८० लाख, दुसऱ्या आठवडाअखेरीस सुमारे ४ कोटी ५७ लाख डॉलर. एरवी दुसऱ्या आठवड्यात गल्ला अर्ध्यावर येतो. २५ वर्षांनी चित्रपटाची मालकी परत आपल्याकडे यावी, ही अट कूगलर यांनी करारातच घातली होती. कथा घडते मेम्फिसच्या दक्षिणेला, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलमध्ये. त्या गावात चित्रपटगृहच नाही. रहिवाशांनी जाहीर विनंती केल्यावर मे महिन्याच्या अखेरीस तिथल्या नागरी सभागृहात खास खेळ लावले गेले आणि कूगलर स्वतः तिथे हजर राहिले.